आधी मागचं चाक फिरवून बघा

मी कराडात पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत, गोळा करतो. सकाळी मंडई, मग बसस्टँडच्या भोवतीची दुकानं, दुपारनंतर मलकापूर आणि अधूनमधून ओगलेवाडी. कमिशनचा धंदा, पेट्रोल आपल्या खिशातलं. त्यामुळे गाडी लिटरला किती देते हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही. प्रत्येक वेळी टाकी भरली की तारीख, मीटरचा आकडा आणि लिटर वहीत लिहायचे ही सवय पिग्मीच्या पावत्यांमुळेच लागली असावी. बायको म्हणते, गाडीचंसुद्धा पासबुक काढलंय.

गाडी स्प्लेंडर प्लस, 2009 ची. म्हणजे टाकीवर हिरो आणि होंडा अशी दोन्ही नावं असलेली. 97.2 सीसी, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारं भांडं असलेली. मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून निघालाय. एवढं पळूनही ती वर्षानुवर्षं 62 ते 65 देत होती. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र वहीतले आकडे उतरत गेले. 58, मग 54, आणि शेवटी चक्क 45. त्याच सुमारास विट्याकडे जाताना सुर्ली घाटात जिथे मी एकटा तिसऱ्या गिअरवर सहज चढायचो तिथे दुसरा टाकावा लागायला लागला. मूठ पिळली तरी इंजिन नुसतं कण्हायचं, गाडी काही पुढे ओढायची नाही.

अशा वेळी सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. मेहुणा म्हणाला, "दाजी, विकून टाका, इलेक्ट्रिक घ्या." एका गॅरेजमध्ये पोराने गाडी स्टँडवर घेतली, स्क्रूड्रायव्हर काढला, कार्बोरेटरचा स्क्रू इकडे-तिकडे फिरवला, रेस देऊन कान लावला आणि म्हणाला, "झालं ट्युनिंग, आता बघा." दुसरीकडे निदान आणखी सोपं होतं: "काका, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिनकाम काढा." दोघांपैकी एकानेही प्लग काढून बघितला नाही, चाकाला हात लावला नाही, हवा किती आहे तेही विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडायचा. आपल्याकडे तो सगळ्यात आधी उघडतात, कारण स्क्रू बाहेरून दिसतो आणि फिरवायला दोन मिनिटं लागतात. तो स्क्रू फक्त स्लो-स्पीडला (उभ्या गाडीत इंजिन हळू चालू असताना) आणि मूठ जराशी उघडेपर्यंतच काम करतो. त्यानंतरचं पेट्रोल कार्बोरेटरच्या आतली सुई आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं मुख्य भोक, यांमधून येतं, स्क्रूचं तिथे काही चालत नाही. म्हणजे चाळीसच्या स्पीडने पळणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज त्या स्क्रूने दहाने वाढणं शक्यच नाही. फार तर सिग्नलला गाडी बंद पडायची थांबेल. शिवाय स्क्रू कुठल्या बाजूला आहे त्यावर त्याचा अर्थ उलटा होतो. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की घट्ट. हे न बघता फिरवणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

पहिली शंका घ्यायची ती आकड्यावरच. "शंभरचं टाकलं, एवढं फिरलो" हा हिशेब नव्हे. टाकी फुल ते टाकी फुल, तोच पंप, गाडी मधल्या स्टँडवर उभी, आणि पेट्रोल नळीच्या तोंडाशी त्याच खुणेपर्यंत. टाकी तिरकी असली तरी शे-दोनशे मिलीचा फरक सहज पडतो, आणि तीनच लिटर भरलं असेल तर तेवढ्याने ॲव्हरेज चारेकने हलतं. म्हणून एका भरण्यावर विश्वास ठेवायचा नाही, तीन-चार भरण्यांची बेरीज घ्यायची. पंपावर माप कमी मिळतंय असं वाटत असेल तर तिथे पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून तपासून घेता येतं. मी घेतलं. माप बरोबर होतं. पंपवाला जरा नाराज झाला, पण ती माझी अडचण नाही.

मग मीटर. स्प्लेंडरचा मीटर पुढच्या चाकातल्या गरारीवरून केबलने चालतो. गरारी झिजली, कुणी दुसऱ्या मापाची बसवली किंवा टायरचं माप बदललं की किलोमीटर चुकतात, आणि किलोमीटर कमी मोजले की ॲव्हरेज विनाकारण पडलेलं दिसतं. तपासायला मोबाइल चालतो, पण मला हायवेवरचे दगड जास्त भरवशाचे वाटतात. साताऱ्याला कामाला गेलो तेव्हा दगड बघत गेलो. पन्नास किलोमीटरला मीटरने 48 दाखवले. म्हणजे वहीतले 45 हे खरे 47 होते. पुढचे सगळे आकडे मी हाच फरक धरून दिलेत.

आणखी एक गोष्ट माझ्या धंद्यातली. पिग्मीच्या फेरीत गाडी दर दोनशे-तीनशे मीटरला थांबते. बंद, चालू, बंद, चालू. गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं आणि सकाळी चोकवर तर फारच. बाजारातलं ॲव्हरेज हायवेपेक्षा कमी असणारच. म्हणून वहीत मी दोन रकाने ठेवलेत, गावातलं आणि लाईनवरचं. गावातल्या 50 ची तुलना कुणाच्या तरी "आमची 70 देते"शी करून झुरण्यात अर्थ नाही. माझे दोन्ही रकाने सारखेच पडले होते, म्हणून बिघाड खरा आहे याची खात्री झाली.

आता चाक. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने ढकललं. चेन असल्यामुळे ते पुढच्या चाकासारखं गरगर फिरत नाही, तरी दीड-दोन फेऱ्या तरी सुखाने व्हाव्यात. माझं अर्ध्या फेरीत घसटत थांबलं. दुसऱ्या दिवशी मलकापूरहून ब्रेक शक्यतो न लावता आलो आणि उतरल्या उतरल्या मागच्या ड्रमला बोट लावलं. लावलं आणि लगेच काढलं. तिथे तापायचं काहीच कारण नव्हतं. मागचा ब्रेक सतत थोडा लागलेला होता आणि मी रोज पेट्रोल जाळून ड्रम गरम करत होतो.

कारण पावसाळ्यातलं. ब्रेक दाबल्यावर लायनर उघडणारा जो कॅम असतो त्याच्या दांड्याला चिखल आणि गंज धरतो. पेडल सोडलं तरी तो पूर्ण मागे येत नाही. त्यात लायनर झिजले की रॉडचा नट आवळत जायची पद्धत. आवळताना पेडलला दोन-तीन सेंटीमीटर खेळ राहिला पाहिजे हे कुणी बघत नाही. कॅम काढून घासला, अगदी थोडं ग्रीस लावलं. लायनरला ग्रीस लागलं तर ब्रेकच जातो, तेव्हा हात आवरता घ्यायचा. ड्रममधली भुकटी फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

चेनही अशीच. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टरांमागे रस्त्यावर जो चिखल-धुरळा होतो तो सगळा चेनमध्ये जातो. वाजायला लागली की गॅरेजवाला आवळून देतो, आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. पण स्टँडवर ठीक वाटणारी चेन माणूस बसल्यावर आणखी ताणते. मधोमध वर-खाली दोन ते तीन सेंटीमीटर ढील हवी, आणि चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघायची. जुनी चेन एका जागी ढिली तर दुसऱ्या जागी ताठ असते. ताठ जागेवर माप घेऊन ढील दिली. दात वाकलेले नव्हते म्हणून चेनस्प्रॉकेट बदललं नाही. बदलणार असाल तर जुन्या स्प्रॉकेटचे दात मोजून मगच नवं घ्या. दुधाच्या किटल्या नेणारे पिकअपसाठी मागे मोठं किंवा पुढे लहान स्प्रॉकेट बसवून घेतात. अशी गाडी सेकंडहँड घेतलेला माणूस आयुष्यभर इंजिनला दोष देत बसतो.

हवेचं सांगायला लाज वाटावी इतकं सोपं आहे. एकट्यासाठी पुढे 25, मागे 28, मागे माणूस असेल तर मागच्या चाकात आणखी. गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायर गार असताना मोजायची.

या सगळ्याचा खर्च जवळजवळ शून्य. परिणाम मोजायला एक सपाट तुकडा निवडला, एका विजेच्या खांबाशी काटा 40 वर आणून न्यूट्रल केलं आणि गाडी कुठे थांबते ते बघितलं. आधीही याच खांबापासून करून ठेवलं होतं. आता गाडी दोन खांब पुढे जाऊन थांबली. वहीत 47 चे 52 झाले. म्हणजे हरवलेल्या ॲव्हरेजचा जवळजवळ तिसरा भाग इंजिनाशी संबंधितच नव्हता. "इंजिनकाम काढा"वाल्याकडे सहा-सात हजार घालून हे पाच किलोमीटर परत आले नसते.

सुर्ली घाट मात्र अजून दुसऱ्या गिअरवरच.

घाटात ओढत नाही म्हटल्यावर क्लचवर संशय येतो. परीक्षा सोपी. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये चालताना मूठ एकदम उघडायची. आवाज झपकन वाढला पण स्पीड तिथेच राहिला, तर क्लच प्लेटा घसरतायत. आवाज आणि स्पीड दोन्ही जागच्या जागी कण्हत राहिले, तर क्लच ठीक आहे, ताकदच तयार होत नाही. माझी दुसऱ्या प्रकारात. दोन-तीनदा केल्यावर फरक कानाला कळतो. जाता जाता, मोटरसायकलमध्ये कारचं उरलेलं ऑइल टाकू नका. आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए असं छापलेलं हवं.

मग प्लग. तो बघायचीही एक रीत आहे. बराच वेळ स्लोवर उभी असलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. लाईनवर पाच-सहा किलोमीटर एका स्पीडने चालवायची, मोकळा रस्ता बघून क्लच दाबून इंजिन बंद करायचं, कडेला घ्यायची, थोडं निवू द्यायचं आणि मग काढायचा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापतंय. काळा आणि ओला-तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. माझा काळा, पण कोरडा होता. बोटाला काजळी लागत होती. म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ते नीट जळत नाही. ऑइल नव्हतं, तेव्हा "रिंगा गेल्यात"ला निदान इथे तरी पुरावा नव्हता. प्लग बदलताना नंबर तोच घ्या. एनजीके कंपनीच्या नंबरात मधला आकडा मोठा तितका प्लग थंड प्रकृतीचा. आणि शेवटी 9 असेल तर गॅप 0.9 मिलिमीटरची.

काळ्या कोरड्या प्लगची कारणं बरीच, सोप्यापासून सुरुवात केली. एअर फिल्टर: माझ्या गाडीतला कागदी फिल्टर तेल लावलेला होता. काळपट दिसला म्हणून बरेच जण त्यावर हवा मारतात. त्याने तेल उडतं, कागद फाटतो आणि धूळ थेट आत जाते. असा फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. बदलला. चोक: खटका खाली केला तरी आतली पट्टी पूर्ण उघडते का ते फिल्टरची नळी काढून डोळ्यांनी बघितलं. पूर्ण उघडत नव्हती. खटक्याच्या खाचेत चिकट घाण होती. गार इंजिन सुरू करताना लागणारा चोक दिवसभर थोडासा लागलेला, म्हणजे दिवसभर घशाशी हात. साफ केला. कार्बोरेटरची वाटी खालच्या स्क्रूने काचेच्या बाटलीत रिकामी केली तर तळाला पाण्याचे थेंब वेगळे दिसत होते. पावसात उघड्यावर उभी राहणाऱ्या गाडीच्या टाकीच्या झाकणातून पाणी जातंच. टाकीही उतरवून घेतली.

झाकणावरून आठवलं. गाडी दहा-पंधरा किलोमीटर नीट चालून मग मिसिंग करत बंद पडत असेल, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत असेल, तर एकदा टाकीचं झाकण उघडा. फस्स आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरलं तेवढी हवा वर जायला हवी ना. ओगलेवाडीतल्या माझ्या एका दुकानदाराच्या गाडीचा ठिणगीचा कॉइल बदलून झाला होता, ठिणगीचंच सीडीआय यंत्र बदलणार होते. टाचणीने काम झालं. तसंच बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये एकदा बॅटरी मारून बघा. कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला अशी भोकं फार आवडतात.

यानंतर मी टॅपेटकडे, म्हणजे इंजिनची झडप (व्हॉल्व्ह) आणि ती दाबून उघडणारा रॉकर यांच्यातल्या फटीकडे वळलो, आणि ताकदीचा खरा चोर तिथे सापडला.

दोन गोष्टी मला काही महिने जाणवत होत्या. किक फार हलकी झाली होती, आणि इंजिनचा वरचा टिकटिक आवाज गेला होता. दोन्हींचा माणसाला आनंद होतो. मुलगाही म्हणाला होता, "पप्पा, गाडी किती स्मूथ झालीये." पण या वयाच्या गाडीत ही दोन्ही लक्षणं वाईट. वर्षानुवर्षं ठोके खाऊन व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत थोडा थोडा आत बसत जातो, त्याची दांडी रॉकरच्या जवळ येते आणि मधली फट संपते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. शिट्टी न होणाऱ्या कुकरसारखी अवस्था: गॅस जळतोय, वाफ बाहेर, भात कच्चा. दाबच तयार होत नाही म्हणून किकेला पाय सहज जातो. टॅपेटचा थोडा आवाज म्हणजे फट शिल्लक असल्याची खूण. तो अजिबात येईनासा झाला की काळजी करायची.

जळालेला धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं हे दुखणं जास्त धोक्याचं. तो आपली उष्णता बैठकीला टेकलेला असतानाच देऊन टाकतो. टेकलाच नाही तर जळतो. तसं झालं तर मग खरंच हेड, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उघडावं लागतं.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे कॉम्प्रेशन गेज आहे. गावात असे थोडेच. मी म्हटलं, "मिस्त्री, टॅपेटला हात लावायच्या आधी एकदा दाब मोजू." ते म्हणाले, "तुम्ही पिग्मीवाले, सगळ्याची पावती पाहिजे तुम्हाला." पण मोजला. प्लग काढून तिथे गेज, मूठ पूर्ण उघडी, चोक उघडा, काटा वर चढायचा थांबेपर्यंत किका. मूठ उघडायची विसरलं तर हवाच आत जात नाही आणि ठणठणीत इंजिनसुद्धा आजारी दिसतं. काटा चौरस सेंटीमीटरला 7 किलोच्या आसपास थांबला. या इंजिनला याहून बराच जास्त दाब हवा.

फट बघायची तर इंजिन पूर्ण गार हवं, म्हणून गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी मॅग्नेटवरची दोन बुचं काढली, आतलं मॅग्नेटचं चाक पान्याने फिरवून टी ची खूण खाचेसमोर आणली आणि दोन्ही रॉकर हलवून बघितले. दोन्ही मोकळे हलले तर पिस्टन दाबाच्या फेरीत वर आहे. एखादा ताठ असेल तर आणखी एक फेरी फिरवायची. एक्झॉस्टचा ताठच होता. पुन्हा फिरवला, तरी ताठच. म्हणजे फेरी चुकलेली नव्हती, फटच नव्हती. फट मोजायच्या फिलर गेजची 0.05 मिलिमीटरची पट्टी, कागदाहून पातळ, ती शिरेना. मिश्रण आत घेणारा इनटेक बरोबर निघाला. एक्झॉस्ट 0.05 वर आणला, नट आवळताना माप सरकतं म्हणून आवळून पुन्हा बघितलं. पुन्हा दाब मोजला तर 10 च्या थोडा वर.

मग रिंगांचाही निकाल लावून टाकू म्हणून प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. ऑइल रिंगांभोवती पसरून गळती तात्पुरती बंद करतं. दाब बराच वाढला तर रिंग-ब्लॉक झिजलेत, जवळपास तेवढाच राहिला तर गळती व्हॉल्व्हमधून. काटा 11 वर गेला. पण इथे एक मेख आहे. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. ऑइल खालच्या बाजूलाच साचतं, उभ्या इंजिनासारखं सगळीकडून पसरत नाही. म्हणून आधी प्लगचं भोक मोकळं ठेवून हळू किका मारल्या, तरी त्या एका किलोवर मी फार मोठा निष्कर्ष काढत नाही. रिंगा थोड्या झिजल्यात, वयाप्रमाणे. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, ऑइलची पातळी फारशी उतरत नाही. इंजिनकाम आज काढायचं कारण नाही.

त्या संध्याकाळी सुर्ली घाट तिसऱ्या गिअरवर चढलो. किक मात्र पुन्हा जड झाली, त्यावरून घरात तक्रार आली.

वही 56 वर आली. प्लग पूर्वीइतका काळा नव्हता, पण तपकिरीही नव्हता. आता कुठे कार्बोरेटरची पाळी. पण तोही कुठे बघायचा हे आधी ठरवून. मुठीवर चिकटपट्टी लावली, पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा केल्या आणि कुठल्या खुणेला गाडी जड वाटते ते बघितलं. स्लोला बरी, पूर्ण उघडल्यावर बरी, पाव ते अर्ध्याच्या मध्ये घोगरी. तो टप्पा सुईचा. मूठ फिरवली की उचलली जाणाऱ्या स्लाइडबरोबर ती सुई एका पितळी नळीत सतत वर-खाली होते, आणि लाखभर किलोमीटरमध्ये नळीचं गोल भोक लंबगोल होतं. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, भिंगाने बघितलं की कळतं. रोजचं चालणं नेमकं याच टप्प्यात, म्हणून पेट्रोलही इथेच जास्त जातं. सुई आणि नळी जोडीने बदलली. एकच बदलायची नाही. वही 59.

उरलेल्या तीन-चार किलोमीटरसाठी मला पेट्रोलकडे बघावं लागतं. आमच्या भागात ऊस आणि इथेनॉल हा भावनिक विषय, ते मला समजतं. पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. हिशेब केला तर शुद्ध पेट्रोलपेक्षा ई-20 मध्ये, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, लिटरमागे सात टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी येते, आणि ई-10 शी तुलना केली तर साडेतीनच्या आसपास. जी गाडी ई-10 वर 62 देत होती ती ई-20 वर साठाच्या जवळ येणार. माझे 59 तिथेच बसतात.

पण हाच हिशेब उलटाही वाचायला हवा. आज ज्याच्या-त्याच्या तोंडी "इथेनॉलमुळे गाडी पेट्रोल पिते" असतं. दोन-चार किलोमीटर पडलं असेल तर बोला. पंधरा-वीस पडलं असेल तर ते इथेनॉलचं काम नव्हे. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होतं. त्याने प्लग काळा पडत नाही, झाला तर पांढरा होईल. काळा प्लग दाखवून इथेनॉलला शिव्या देणाऱ्याने आधी चोक बघावा. पाण्याचं मात्र खरं आहे. इथेनॉल पाणी धरतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात, कॉकच्या तोंडाशीच. पावसाळ्यात झाकणाचं रबर बघत जा.

बीएस-6 च्या, म्हणजे एप्रिल 2020 नंतरच्या गाड्यांबद्दल पुतणीने विचारलं होतं. तिच्या स्कूटरला कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. इंजिनचा दिवा पेटत असेल तर तो किती वेळा लुकलुकतो ते मोजून सर्व्हिस सेंटरला सांगायचं, सेन्सरची खेचाखेच घरी करायची नाही. पण टायरमधली हवा, घासणारा ब्रेक, फिल्टर आणि टॅपेट हे तिलाही आहेतच. तिच्या पुढच्या चाकात 14 हवा होती.

1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली तेव्हा तिची जाहिरात होती, "फिल इट, शट इट, फर्गेट इट." आमच्या पिढीने त्यातला तिसरा शब्द फारच मनावर घेतला. टॅपेट दर काही हजार किलोमीटरला बघायचे असतात हे पुस्तिकेत छापलेलं आहे, पण पुस्तिका टूलबॉक्समध्ये, आणि टूलबॉक्स उघडतो कोण.

सध्या वही 59 ते 60 च्या मध्ये आहे. एक्झॉस्टची फट मी दर महिन्याला बघतोय, कारण ती पुन्हा लवकर संपायला लागली तर व्हॉल्व्ह जळायला सुरुवात झाली असं धरून हेड उघडावं लागेल, आणि तेव्हा रिंगाही त्याच खर्चात टाकून घेऊ असं मिस्त्रींशी बोलणं झालंय. तोपर्यंत मेहुण्याने इलेक्ट्रिकचं माहितीपत्रक आणून ठेवलंय, ते टीव्हीच्या खाली आहे.